दम्याच्या संशोधनात बायोइन्फॉर्मेटिक्स: मराठवाड्यात बसून सुरुवात कशी करायची

सोयाबीनची सुगी सुरू झाली की आमच्याकडे वडिलांची खाट ओसरीतून आतल्या खोलीत यायची. बाहेर मळणीयंत्राचा भुस्सा उडायचा, आत वडिलांना ढास लागायची. रात्री दोन-अडीचला ते उठून बसत, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. गावात त्याला दमा कुणी म्हणत नसे. "दम लागतोय जरा" एवढंच. पुढे मी बायोइन्फॉर्मेटिक्स शिकलो आणि दम्याच्या डेटावर काम करू लागलो. आता लातूर, नांदेड, परभणीकडच्या विद्यार्थ्यांचे अधूनमधून फोन येतात: "सर, हे काम नेमकं काय असतं, आणि त्यात शिरायचं कसं?" फोनवर अर्ध्या तासात जे सांगून होत नाही, ते इथे सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. या कामात कोड लिहिणं हा सोपा भाग आहे. अवघड आहे ते समोरच्या आकड्यात नेमकं काय मोजलं गेलंय हे ओळखणं. तो आजार असेल, औषध असेल, धूळ असेल, पोटातले जंत असतील, किंवा नुसता नमुने काढल्याचा दिवस असेल.

काम काय असतं

रुग्णाचं रक्त, थुंकी, नाकातून किंवा श्वासनलिकेतून ब्रशने खरवडून घेतलेल्या पेशी, असे नमुने प्रयोगशाळेत जातात. तिथून जनुकांच्या वाचनाच्या प्रचंड मोठ्या फायली बाहेर पडतात. त्या फायलींमधून "कोणती जनुकं जास्त चालू आहेत, कोणती बंद पडली आहेत, आणि कुणात" हे शोधणं आपलं काम. दिवसाचा मोठा भाग फायली तपासण्यात, तक्ते जुळवण्यात आणि छातीच्या डॉक्टरांना प्रश्न विचारण्यात जातो. सुंदर आलेख काढण्याची वेळ शेवटी येते, आणि ती थोडीच असते.

आधी दमा शिका

बहुतेक जण इथेच चुकतात. पायथन शिकायला घेतात आणि दम्याबद्दल बारावीच्या पुस्तकापलीकडे काही वाचत नाहीत. तुम्ही उलट करा.

दमा म्हणजे श्वासनलिकांना कायमची आलेली सूज आणि त्यांचा चिडखोरपणा. नलिका आकसतात, आतून चिकट स्राव वाढतो, आणि हवा आत जाते पण बाहेर पडताना अडकते. स्पायरोमीटरवर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली ते मोजतात. मग नलिका उघडणारं औषध देऊन पुन्हा मोजतात. मोठ्या माणसात तो आकडा किमान १२ टक्के आणि २०० मिलिलिटर वाढला, तर आकसलेली नलिका औषधाने सुटते आहे असं समजतात. हे दोन आकडे पाठ ठेवा, कारण रुग्णांच्या तक्त्यात ते तुम्हाला रोज भेटतील.

दमा हा एकच आजार नाही, हे त्याहून महत्त्वाचं. एका मोठ्या गटात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात आणि इंटरल्यूकिन ४, ५ आणि १३ हे निरोप्या रेणू जोरात असतात. याला टाइप २ सूज म्हणतात. दुसऱ्या गटात यातलं फारसं काही दिसत नाही, तरी माणूस धापा टाकतो. हा फरक किती कामाचा आहे ते मेपोलिझुमॅबच्या गोष्टीतून कळतं. इंटरल्यूकिन ५ ला रोखणारं हे औषध सुरुवातीला सरसकट दम्याच्या रुग्णांवर तपासलं, तेव्हा म्हणावा तसा फायदा दिसला नाही. २००९ साली तेच औषध फक्त इओसिनोफिल वाढलेल्या रुग्णांना दिलं गेलं आणि दम्याचे झटके स्पष्टपणे कमी झाले. औषध तेच होतं, बदलली होती फक्त रुग्णांची निवड. कोणता रुग्ण कोणत्या गटातला हे ओळखण्यासाठीच आपली गरज आहे.

आता इथला पेच पाहा. परदेशी शोधनिबंधात रक्तातल्या इओसिनोफिलची मर्यादा बऱ्याचदा दर मायक्रोलिटरला ३०० धरलेली असते. आपल्याकडे शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसात हा आकडा जंतांमुळेही वाढलेला असू शकतो. फायलेरियाच्या (हत्तीपायाच्या) जंतांमुळे फुप्फुसात इओसिनोफिल साचून दम्यासारखी धाप लागते, तेही वेगळंच. म्हणून पुस्तकातली मर्यादा जशीच्या तशी उचलून आपल्या तक्त्यावर लावू नका. डॉक्टरांना विचारा: "जंताची गोळी शेवटची कधी दिली होती?"

माझा आग्रह आहे की कॉम्प्युटरला हात लावण्याआधी जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या छाती विभागात परवानगी काढून चार-पाच दिवस ओपीडीत बसा. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय असो की नांदेड-लातूरचं वैद्यकीय महाविद्यालय, विभागप्रमुखांना रीतसर पत्र द्या. रुग्ण पंप कसा धरतो ते बघा. बरेच जण तो चुकीचा ओढतात आणि औषध घशातच राहतं. तक्त्यात मात्र "इनहेल्ड स्टेरॉइड: होय" असं लिहिलेलं असतं. त्या "होय"वर किती विश्वास ठेवायचा, हे ओपीडीत बसल्याशिवाय समजत नाही.

शिक्षण आणि परीक्षा

बीएस्सी बायोटेक, सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, संगणकशास्त्र, बी-फार्म, यातलं काहीही चालतं. लातूरला कृषी जैवतंत्रज्ञानाचं महाविद्यालय आहे, तिथून आलेली मुलंही उत्तम काम करतात. पिकाचा जीनोम असो की माणसाचा, पद्धती बऱ्याच अंशी त्याच. नीटमध्ये थोडक्यात हुकलं म्हणून बीएस्सीला आलेल्यांना मी मुद्दाम सांगतो: तुमचं शरीरशास्त्र पक्कं आहे आणि इथे ते रोज वापरात येतं.

पदव्युत्तर शिक्षणासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातलं बायोइन्फॉर्मेटिक्स केंद्र हे देशातल्या जुन्या केंद्रांपैकी एक. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आणि नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ यांच्या जीवशास्त्र किंवा संगणक विभागांतून एमएस्सी करूनही या क्षेत्रात येता येतं, फक्त दुसरी बाजू स्वतः भरून काढावी लागते. जैवतंत्रज्ञानाच्या प्रवेशासाठी गॅट-बी, पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट (जीवशास्त्र) किंवा गेट. नेटची जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं मिळतं. गावाकडून येणाऱ्या मुलामुलींसाठी हा आकडा फार मोलाचा असतो, म्हणून परीक्षेकडे दुर्लक्ष करू नका.

सांख्यिकी मात्र टाळू नका. वितरण, प्रतीपगमन, पी-मूल्य (काहीही फरक नसताना असा निकाल योगायोगाने येण्याची शक्यता), आणि हजारो चाचण्या एकाच वेळी केल्यावर त्या पी-मूल्याचं काय होतं, एवढं तरी हाताने गणितं सोडवून शिका. वीस हजार जनुकं तपासली आणि ०.०५ ची मर्यादा लावली, तर काहीही फरक नसताना निव्वळ योगायोगाने हजारेक जनुकं "महत्त्वाची" दिसतील. ही एक ओळ ज्याला मनापासून पटली, त्याचं निम्मं शिक्षण झालं.

साधनं

८ जीबी रॅमचा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. १६ असला तर उत्तम. त्यावर लिनक्स टाका, किंवा विंडोजमध्येच लिनक्सची उपप्रणाली सुरू करा. आर (सांख्यिकीची भाषा), आरस्टुडिओ (ती लिहायची खिडकी) आणि बायोकंडक्टर (जीवशास्त्राच्या डेटासाठी आरची पॅकेजं) हे सगळं मोफत आहे. नंतर पायथन. गिट (फायलींच्या आवृत्त्या जपणारं साधन) पहिल्या दिवसापासून वापरा आणि काम गिटहब या संकेतस्थळावर चढवत राहा. वीज गेली, हार्ड डिस्क बसली, तरी काम वाचतं. आमच्याकडे भारनियमनाच्या दिवसांत मला हे कळलं.

मानवी जीनोमवर स्टार नावाच्या साधनाने वाचनं (यंत्राने वाचलेले जनुकांचे तुकडे) जुळवायची तर ३० जीबीच्या आसपास रॅम लागते. ती घरी नसते. त्यासाठी गॅलक्सीचे मोफत सर्व्हर आहेत, ब्राउझरमधून चालतात. इंटरनेट मंद असेल तर मोठ्या कच्च्या फायली लॅपटॉपवर उतरवू नका, सर्व्हरवरच मागवा.

पहिला प्रकल्प: आठ नमुन्यांचा डेटा

हा भाग सावकाश वाचा आणि करत करत पुढे जा. बायोकंडक्टरमध्ये एअरवे नावाचं एक पॅकेज आहे. त्यात २०१४ साली प्लॉस वन या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा डेटा तयार करून ठेवलेला आहे. जिओ या सार्वजनिक भांडारात त्याचा क्रमांक जीएसई५२७७८. चार दात्यांच्या श्वासनलिकेतल्या स्नायूपेशी वाढवल्या, आणि पॅकेजमध्ये प्रत्येक दात्याचे दोन नमुने घेतलेले आहेत. एकाला डेक्सामिथासोन हे स्टेरॉइड १८ तास दिलं, दुसऱ्याला नाही. म्हणून आठ नमुने. जनुकांची मोजणी (कोणत्या जनुकाची किती वाचनं आली) आधीच झालेली आहे, त्यामुळे साध्या लॅपटॉपवर काही मिनिटांत काम होतं.

पहिल्यांदा फक्त नमुन्यांचा तक्ता उघडा. मोजणीकडे अजून बघू नका. सेल या स्तंभात चार वेगवेगळी नावं दिसतील, डेक्स या स्तंभात उपचार झाला की नाही ते. वहीत हाताने चार ओळी, दोन रकाने असा तक्ता काढा. प्रत्येक चौकटीत एक नमुना बसतो. हीच अभ्यासाची रचना. एकाच दात्याच्या पेशी दोन्ही बाजूंना आहेत, म्हणजे तुलना घरातल्या घरात होते. ही जोडी विश्लेषणात कायम ठेवायची असते, म्हणून डीसीक२ मध्ये (दोन गटांतला जनुकांचा फरक शोधणारं बायोकंडक्टरचं पॅकेज) रचनेचं सूत्र लिहिताना आधी सेल आणि नंतर डेक्स घ्या. सेल विसरलात तर दात्या-दात्यांमधला फरक सगळा गोंगाट बनून आड येतो.

मग एक बारीकशी खोच. आर ही भाषा गटांची नावं वर्णानुक्रमे लावते. इथे उपचार झालेल्याचं नाव "टी"ने सुरू होतं आणि न झालेल्याचं "यू"ने. पायाचा गट स्वतः ठरवून दिला नाही, तर उपचार झालेलाच गट पाया धरला जाऊ शकतो. तसं झालं तर वाढलेली जनुकं कमी झालेली दिसतात. चिन्ह उलटलेला निकाल बघायला अगदी बरोबर वाटतो, म्हणून तो घातक. उपचार न झालेला गट पाया म्हणून आधी पक्का करा.

आता ज्या जनुकांची मोजणी जवळजवळ शून्य आहे ती गाळा. किमान चार नमुन्यांत १० च्या वर मोजणी असावी, ही मर्यादा सुरुवातीला ठीक. मग मोजणीचं रूपांतर करून पीसीए (हजारो जनुकांतला फरक दोन अक्षांवर आणणारा आलेख) काढा. आठ ठिपके कसे पडतात ते पाहा. स्टेरॉइडवाले आणि बिनस्टेरॉइडवाले वेगळे पडतात, आणि त्याबरोबर दात्यांमधला फरकही दिसतो. हा आलेख समजेपर्यंत पुढे जाऊ नका. माझ्या मते पीसीएचा आलेख म्हणजे डॉक्टरने छातीला स्टेथोस्कोप लावणं. त्याच्याशिवाय औषध लिहून देऊ नये.

मग डीसीक२ चालवा. यादीच्या वरच्या टोकाला एसपीएआरसीएल१ सारखी जनुकं येतील. खाली उतरत डीयूएसपी१, केएलएफ१५, पीईआर१, टीएससी२२डी३, एफकेबीपी५ शोधा. ही स्टेरॉइडला प्रतिसाद देणारी जनुकं. ती सापडली नाहीत, तर आधी आपली चूक शोधा. सीआरआयएसपीएलडी२ हे जनुकही बघा. मूळ संशोधकांनी त्याच्यावर भर दिला होता आणि वेगळे प्रयोग करून ते स्टेरॉइडला कसा प्रतिसाद देतं ते तपासलं होतं. त्यांच्या यादीत ३१६ जनुकं होती. तुमच्या यादीत हजारो येतील. घाबरू नका. साधन वेगळं, मर्यादा वेगळी, म्हणून संख्या वेगळी. तुम्ही मात्र "किती" यापेक्षा "किती पट" आणि "किती खात्रीने" हे सांगायला शिका. त्यासाठी पट-फरकाचे अंदाज आकुंचित करून घ्या, म्हणजे कमी मोजणीच्या जनुकांचे फुगलेले आकडे जागेवर येतात.

यादी एक्सेलमध्ये उघडून ठेवायची सवय लावू नका. एक्सेल काही जनुकांची नावं तारखा समजून बदलतं. मार्च१ किंवा सेप्ट२ अशी नावं त्यात बळी पडायची. शेवटी मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीने २०२० मध्ये ती नावंच बदलून घेतली, पण जुन्या फायलींत ती अजून आहेत. एन्सेम्बल या जनुकांच्या भांडारातला क्रमांक नेहमी सोबत ठेवा.

आणि हे लक्षात असू द्या: या आठ नमुन्यांत दम्याचा एकही रुग्ण नाही. दाते निरोगी फुप्फुसांचे होते. हा डेटा दम्याचा नाही, दम्याच्या औषधाचा आहे. पहिला म्हणून मी मुद्दाम हाच देतो, कारण पुढचा सापळा त्याच्यामुळेच ओळखू येतो.

दुसरा प्रकल्प आणि स्टेरॉइडचा सापळा

जिओवरच जीएसई४३०२ उघडा. हा जुन्या मायक्रोअ‍ॅरे पद्धतीचा (चकतीवरच्या ठिपक्यांच्या चमकेवरून जनुक किती चालू आहे ते मोजणाऱ्या) डेटा आहे, त्याला लिमा हे पॅकेज वापरा. ४२ दम्याचे रुग्ण, २८ निरोगी, १६ धूम्रपान करणारे, यांच्या श्वासनलिकेच्या अस्तराच्या पेशी. काही रुग्णांचे स्टेरॉइड किंवा नकली औषध दिल्यानंतरचे नमुनेही आहेत. दम्याच्या बाजूला पेरिऑस्टिन, सीएलसीए१ आणि सर्पिनबी२ ही तीन जनुकं वर गेलेली दिसतील. इंटरल्यूकिन १३ च्या हुकमाने अस्तर जे करतं त्याची ही खूण. स्टेरॉइड दिल्यावर ही तीन खाली येतात आणि एफकेबीपी५ वर जातं.

इथे थांबून विचार करा. प्रत्यक्ष रुग्णालयात दम्याचा रुग्ण बहुधा औषधावर असतो आणि निरोगी माणूस नसतो. या दोघांची सरळ तुलना केली आणि एफकेबीपी५ वर आलं, तर भोळा विश्लेषक लिहितो: "दम्यात एफकेबीपी५ वाढतं." खरं तर त्याने औषध मोजलं. एअरवेच्या आठ नमुन्यांवर ज्याने हात चालवला आहे, त्याला हे जनुक पाहताच शंका येते.

मराठवाड्यात तर ही शंका आणखी कामाची. कितीतरी लोक "मी कुठलंच औषध घेत नाही" असं सांगतात, पण बाजाराच्या गावाहून दम्याची पुडी आणलेली असते. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याच्या घटना देशात अनेकदा समोर आल्या आहेत. रक्ताच्या नमुन्यात स्टेरॉइडची जनुकं वर असली आणि तक्त्यात औषध "नाही" असलं, तर डॉक्टरांशी बोला. हा पुरावा नव्हे, ताणतणावात शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही ती जनुकं हलवतं. पण पुन्हा नीट विचारायला एवढं कारण पुरतं. अशी पुडी अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं, म्हणून रुग्णाशी काय बोलायचं ते डॉक्टरच ठरवतील. आपण फक्त त्यांना सांगायचं.

दुसरा सापळा पेशींच्या मिश्रणाचा. थुंकी किंवा रक्तात इओसिनोफिल जास्त असले की इओसिनोफिलची सगळी जनुकं वर दिसतात. पेशींनी आपलं वागणं बदललंय असं नव्हे, पेशीच जास्त आहेत. सीएलसी आणि सिग्लेक८ वर आलेली दिसली की आधी पेशींची मोजणी मागवा.

माझी चूक

सुरुवातीच्या एका प्रकल्पात माझ्या यादीच्या अगदी वर वाय गुणसूत्रावरची जनुकं आली. मी दोन दिवस त्यांचा श्वासाशी संबंध शोधत बसलो, शोधनिबंध वाचले. तिसऱ्या दिवशी नमुन्यांचा तक्ता उघडला तेव्हा उलगडलं. रुग्ण म्हणून आलेले बहुतेक शेतकरी पुरुष, आणि निरोगी गटात नर्सिंग शिकणाऱ्या मुली. भर म्हणजे रुग्णांचे नमुने पहिल्या खेपेला गेले होते आणि निरोगी गटाचे तीन महिन्यांनी. आजार, लिंग, वय आणि खेप ही चारही एकमेकांत अशी गुंतली होती की कुठलंच गणित त्यांना सोडवू शकत नव्हतं. लोकांनी दिलेलं रक्त वाया गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून दोन नियम. नमुने पाठवण्याआधी प्रत्येक खेपेत रुग्ण आणि निरोगी, बाई आणि पुरुष मिसळून लावायचे. आणि डेटा आला की सर्वांत आधी झिस्ट आणि आरपीएस४वाय१ ही दोन जनुकं बघायची. पहिलं बायकांत चालू असतं, दुसरं पुरुषांत. तक्त्यातलं लिंग आणि ही दोन जनुकं जुळली नाहीत, तर कुठेतरी नळ्यांची अदलाबदल झाली आहे. पाच मिनिटांची तपासणी आहे.

इथला तक्ता इथल्या माणसांसाठी

डॉक्टरांबरोबर नवा अभ्यास उभा करायची संधी मिळाली, तर प्रश्नावली बनवताना हजर राहा. परदेशी प्रश्नावलीत श्वासातल्या शिट्टीसारख्या आवाजाबद्दल विचारतात. ते पुस्तकी मराठीत उतरवलं तर म्हातारी नुसती बघत राहते. "छातीत घुरघुर होती का? रात्री ढास लागून उठावं लागतं का? चार पावलं चाललं की धाप लागती का?" असं विचारा. "दमा आहे का?" हा प्रश्न शेवटी ठेवा. लग्नाच्या मुलीच्या घरी त्याचं उत्तर "नाही" असंच येतं.

काय काय विचारायचं ते मोसमाप्रमाणे ठरवा. सोयाबीनची मळणी पावसाळ्याच्या शेवटी, कापसाची वेचणी दसऱ्यापासून पुढे, तूर थंडीत. चुलीत पळाट्या आणि तुराट्या जळतात, त्याचा धूर बाईच्या छातीत जातो. म्हणून "घरात गॅस आहे का" एवढं विचारून भागत नाही. "भाकरी कशावर करता" हे विचारा. गाजरगवत बांधावर आहे का, जिनिंगमध्ये काम केलंय का, क्षयाचं औषध कधी घेतलं होतं का, बिडी किती. जिनिंगमधल्या माणसाला सुटीनंतर पहिल्या दिवशी जास्त धाप लागत असेल, तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसची ती जुनी खूण आहे, आणि ती दम्याच्या गटात मिसळली की सगळं गढूळ होतं.

सोयाबीनचा उल्लेख मी वडिलांमुळे करतो असं वाटेल, पण त्याला इतिहास आहे. १९८० च्या दशकात स्पेनमधल्या बार्सिलोना शहरात काही ठरावीक दिवशी अचानक दम्याच्या रुग्णांनी रुग्णालयं भरून जायची. संशोधकांनी तारखा जुळवल्या तेव्हा कळलं, की बंदरात सोयाबीन उतरवलं जात होतं ते हेच दिवस. एका साठवण-कोठाराला धूळ अडवणारी गाळणी नव्हती. ती बसवली आणि हे प्रकार थांबले. तिथे जनुकं नव्हती, संगणकाचा मोठा भारही नव्हता. रुग्णालयाची नोंदवही आणि बंदराची नोंदवही शेजारी ठेवली गेली. लातूरच्या आडतीत सोयाबीनची आवक नोंदली जाते आणि रुग्णालयात ओपीडी नोंदली जाते. आपल्याकडे दोन्ही शेजारी ठेवून पाहण्याजोगा प्रश्न आहे, आणि एमएस्सीच्या प्रबंधाला तो पुरेसा आहे.

बीडकडे अभ्यास करणार असाल तर आणखी एक. ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. हिवाळ्यात नमुने घेतले तर सर्वांत जास्त राबणारी माणसं तुमच्या डेटात नसतातच.

संमतीपत्र मराठीत, वाचून दाखवून, अंगठा असेल तर साक्षीदारासह. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचून ठेवा. संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आल्याशिवाय एकही नळी भरायची नाही. नाव, गाव, मोबाइल क्रमांक विश्लेषणाच्या फायलीत कधीच येता कामा नयेत. लहान गावात "वय ६२, पुरुष, जिनिंग कामगार" एवढ्यावरही माणूस ओळखू येतो, हे शहरातल्या सहकाऱ्यांना समजावून सांगणं तुमचं काम.

जनुकीय धोक्याबद्दल थोडंसं

२००७ साली दम्याचा पहिला मोठा जीनोमव्यापी अभ्यास (रुग्ण आणि निरोगी यांच्यातले फरक सगळ्या जीनोमभर शोधणारा) आला आणि १७ व्या गुणसूत्रावरचा एक भाग पुढे आला. ओआरएमडीएल३ आणि जीएसडीएमबी ही तिथली जनुकं, आणि त्यांचा संबंध मुख्यतः बालपणी सुरू होणाऱ्या दम्याशी. पण अशा अभ्यासांतली बहुसंख्य माणसं युरोपीय वंशाची. त्यांच्यावरून काढलेले धोक्याचे गुणांक आपल्या लोकांना लावले तर अंदाज ढिला पडतो. भारतीय जीनोमचा डेटा आता जमा होतो आहे. जीनोमइंडिया प्रकल्पात १०,००० जणांचे जीनोम वाचले गेले आणि ते फरिदाबादच्या भारतीय जैविक डेटा केंद्रात ठेवलेले आहेत. अशा डेटासाठी अर्ज कसा करायचा ते आत्तापासून वाचून ठेवा.

काम मिळवताना

वरचे दोन प्रकल्प गिटहबवर नीट मांडा. प्रत्येकासोबत एक पान साध्या भाषेत: प्रश्न काय, नमुने कोणते, काय सापडलं, आणि या डेटावरून काय सांगता येत नाही. मी उमेदवार निवडताना हे शेवटचं सर्वांत आधी वाचतो.

प्राध्यापकांना पत्र लिहिताना शंभर जणांना एकच मजकूर पाठवू नका. दिल्लीची आयजीआयबी (जीनोम संशोधनाची संस्था), पुण्याची एनसीसीएस (पेशीविज्ञानाची संस्था), वैद्यकीय महाविद्यालयांचे छाती विभाग, यातले पाचच निवडा. त्यांचा एक शोधनिबंध खरोखर वाचा आणि त्यातल्या एका आकृतीबद्दल नेमका प्रश्न विचारा. पत्र दहा ओळींच्या वर नको. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा. इंग्रजीची भीती वाटत असेल तर पत्र आधी मराठीत लिहा, विचार सरळ झाला की इंग्रजी आपोआप लहान वाक्यांत येतं.

मुलाखतीत हमखास एक प्रश्न येतो: "तुमच्या यादीतलं पहिलं जनुक खरं आहे हे कशावरून?" उत्तर देताना पी-मूल्यापासून सुरू करू नका. नमुन्यांच्या तक्त्यापासून सुरू करा: कोण माणसं होती, कुठल्या मोसमात, कुठल्या औषधावर, कोणत्या खेपेत. मग पीसीए, मग ते जनुक दुसऱ्या एखाद्या सार्वजनिक डेटात तसंच वागतं का. पुढच्या नमुन्यांवर प्रयोगशाळेत ते पुन्हा तपासायचं तर कुणाचे आणि किती नमुने घ्याल, तेही आधीच कागदावर मांडून न्या.